आज वारा कुठला

सकाळी आठ वाजता नकाशा घेऊन येता तुम्ही.
माझी कॉफी अजून पितळी भांड्यात फेस धरत असते
आणि तुम्ही निळ्या कडेवर बोट टेकवून म्हणता,
आनेझीना, आज कुठला किनारा?

मला काय विचारता.
अंगणातल्या दोरीला विचारा.
चादरी दक्षिणेकडे तोंड करून फडफडत असतील
तर मेल्तेमी सुटलाय. तीन दिवस राहील,
नाहीतर सहा, नाहीतर नऊ,
तीनाच्या पाढ्याबाहेर तो जात नाही
असं माझी सासू म्हणायची, आणि ती
पाढ्यांच्या बाबतीत खोटं बोलत नसे.

मग कोक्किनाक्रीचं नाव काढायचं नाही.
फोटोत जिथलं पाणी काचेसारखं दिसतं
तिथेच आज वाळू पोटऱ्यांना टोचेल,
आणि छत्री सुटली हातातून
की तिकीट न काढता क्रीटला पोचेल.
दक्षिणेला जा. प्सारोलाकाला.
दोनशे चौदा पायऱ्या आहेत, उतरताना कुणी मोजत नाही,
चढताना सगळे मोजतात.
खाली गोटे आहेत, चपला ठेवा पायात,
आणि डबा उघडा ठेवलात तर बकऱ्या चीज खातात,
पाव तेवढा ठेवतात.

लेकरू आहे बरोबर? मग आयिया पेलायिया.
शंभर पावलं गेलात तरी पाणी गुडघ्याला.
झाडांची सावली आहे, विरळ, खारट,
पण सावली ती सावली.
लेफ्तेरिसच्या खानावळीत दोरीवर टांगलेला ऑक्टोपस
जूनपासून तोच आहे, तो मागू नका.
दूध मात्र गरम करून देईल,
चार मुली वाढवल्यात त्यानं.

गेल्या वर्षी चार नंबरात एकटा माणूस होता,
टोरमोड, बर्गेनचा.
म्हणाला, जिथे कुणीच नसेल असा किनारा सांगा.
तसे तीन माहीत आहेत मला.
पण चादरी मीच बदलते.
पलंगाच्या एका कडेला झोपायचा तो,
दुसरी उशी रोज जशीच्या तशी,
आणि तिच्याजवळ दुसरा टॉवेल, घडी न मोडलेला.
मी त्याला शाळेखालच्या किनाऱ्यावर पाठवला.
सांगितलं, तिकडे चिटपाखरू नसतं.

संध्याकाळी आला, मान भाजलेली, रागावलेला.
म्हणाला, तिथे साठ पोरं पोहायला शिकत होती!
मी म्हटलं, हो का? आज बुधवार नाही का.
म्हणाला, एकानं माझ्या हातात बॅट दिली,
विचारलंसुद्धा नाही.
दुसऱ्या दिवशी त्यानं काही विचारलं नाही.
माझ्या ताटलीतले दोन पीच उचलले
आणि दहाच्या आत निघून गेला.
कुठे, ते मीही विचारलं नाही.

आणि तू, आनेझीना, तू कुठे जातेस?
दरवर्षी कुणीतरी विचारतंच.
ऑगस्टात मी समुद्र बघते
दोन चादरींच्या मधल्या फटीतून,
चिमटे तोंडात धरून.

ऑक्टोबरात शेवटची बोट तुम्हाला घेऊन जाते,
बसवाला बस धुतो आणि झोपतो,
तेव्हा आम्ही निघतो. मी, कालिरोई, फ्रोसो,
आणि पाद्रीबाई, तिचा गुडघा बरा असेल तर.
लांब नाही. धक्क्याच्या पलीकडे,
जिथे बोट तोंड उघडून ट्रक ओकते तिथे.
सिमेंट आहे, डिझेलचा वास आहे,
तुमच्या नकाशात ती जागा पांढरी आहे.
टोप्या घालून गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहतो,
तासभर, कधी दोन तास,
तेलाचा भाव, कुणाचं पोरगं अथेन्सला गेलं, कुणाचं परत आलं.
पाणी अजून कोमट असतं.
पोहत कुणीच नाही.

बघा, बोलता बोलता कॉफी उतू गेली.
जा आता. बस साडेदहाची.
पाणी घ्या बरोबर, दोन बाटल्या.
आणि टॉवेल आपापले न्या,
खोलीतले खोलीत.