चौदा मात्रा

अप्पा बळवंत चौकातून दहा रुपयांत आणलेली
एक कथाकविता. मुखपृष्ठ गेलेलं,
कवीचं नावही त्याच्याबरोबर.
शेवटच्या तासाला फळ्यावर लिहितो:

    दार वाजले, दिवा थरकला,
    उंबरठ्यावर पाय थबकला

आठ आणि आठ. पादाकुलक.
बोटं मोडू नका, म्हणतो, खुणा करा.
लघूला अर्धचंद्र, गुरूला आडवी रेघ.
वहीभर चिमण्या बसतात तारांवर.
‘द’ला ‘द’ घासतो तो अनुप्रास,
थरकला-थबकला यमक, दोन गुण हमखास.
नावाड्याच्या बायकोला अजून काही कळलेलं नाही,
आमचा हिशेब मात्र तिच्या दारापर्यंत चोख.

मग पान एकोणीस:

    हाक मारली, नदी गप्प

सोळा हव्यात, भरतात चौदा.
जोडीला यमकाची ओळही नाही.
वीस वर्षांपूर्वी इथं समासात मी तांबड्या शाईनं लिहिलंय:
छंदोभंग. एक गुरू कमी.
तेच पुन्हा वाचून दाखवतो.

मागच्या बाकावरची शर्वरी पोटफोडे,
हजेरीलासुद्धा जिचा आवाज ऐकू येत नाही, म्हणते,
“कमी नाहीये, सर. तिथं भांडं फिरवलंय.”
वर्ग हसतो.
“म्हणजे, मठारकाम करताना बाबा मोजत नाहीत काही.
हातोडी पडत राहते, पडत राहते,
मग हंडा जरासा फिरवायचा असतो.
तेवढा एक ठोका हवेत राहतो.
वाजत नाही, पण धरलेला असतो हातात.
घाई केली की पत्रा फाटतो.”

आणि बाकावर वाजवते, बोटाच्या पेरानं:
टक टक टक टक, टक टक टक
.
त्या न वाजलेल्या जागेत
काठावरची बाई मागं वळली,
घराकडे बघितलं तिनं,
दिवा तिनंच तर विझवला होता निघताना.
एवढी वर्षं मला ती फक्त उभी दिसायची.

घंटा झाली. बस सोडून दिली.
कसब्यातून, तांबट आळीतून चालत निघालो.
दुकानं मिटत होती, कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती,
आत कुठंतरी एकच हातोडी.
पिशवी या हातातून त्या हातात घेत
उभा राहिलो. मोजायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर पान एकोणीस काढलं.
‘छंदोभंग’ खोडलं, दोनदा.
‘एक गुरू कमी’वर पेन टेकवलं,
आणि उचललं.
तेवढं बरोबर होतं.