नळीमागची ओळ

सहा भाग आहेत म्हणे.
पाचवा आणायला नववीतल्या दोघी एसटीनं
पांढरकवड्याला जाऊन आल्या, गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी.
सहावा अजून यायचाय, म्हणून सगळ्या अशा.

मी रक्त काढणारा माणूस. आरोग्य केंद्रात, अकरा वर्षं.
शाळेत सिकलसेलच्या तपासणीला गेलो
तर बावीस पोरींच्या मानेवर दोन-दोन लाल ठिपके.
डास? म्हटलं. गोचीड?
हसल्या. नेलपॉलिश होतं.
"वाल्डेन चावला, सर," प्रांजली नगराळे म्हणाली,
आणि मागच्या बाकावरून असा सुस्कारा आला
की लोणारे सरांनी पंख्याकडे पाहिलं.

वाल्डेन चारशे वर्षांचा आहे आणि अकरावीत शिकतो.
मी एवढंच विचारलं, दरवर्षी नापास होतो का?
झालं.
सुट्टीत माझ्या गाडीच्या सीटवर, धुळीत
बोटानं लिहिलेलं: वाल्डेनचा वैरी.
खाली दोन सुळे.

खिचडीत लसूण नको, त्याला चालत नाही!
शेवंताबाई पळी घेऊन माझ्याकडेच आली,
"मले सांगा, त्या मुर्द्याले जेवाले बलावलं कोनं?"

उन्हात निघत नाहीत. ओढणी, हातमोजे, काळा चष्मा,
आम्हाला सूर्य सोसत नाही, सर.
अगं, बाहेर त्रेचाळीस आहे,
डांबर चपलेला धरून वर येतंय,
म्हशी डबक्यातून उठायला तयार नाहीत.
इथं सोसतो कोणाला?

केंद्रामागच्या चिंचेवर वटवाघळं आहेत.
फळं खातात बिचारी, उंबराची.
रोज सांजेला या खाली उभ्या, माना वर करून, हात जोडून,
आणि ती यांच्यावर हगतात.
हे कुठल्याच भागात लिहिलेलं नसावं.

आणि सुई दिसली की?
मोनाली सिडाम बाकाखाली.
दोघी पाणी प्यायला गेल्या त्या गेल्याच.
एक डोळे मिटून हनुमान चालीसा म्हणते आहे,
मानेवर ठिपके तसेच.
थेंबभर लागतं गं, बोटाच्या टोकातलं!

वैताग मला याचा नाही.
रक्त म्हणजे यांना लाल शाई वाटते.
मी ते बर्फाच्या डब्यात, मांडीशी धरून, नाल्याला पूर असताना नेलंय.
नळी फुटली तर कुणाच्यातरी बापाला परत बोलवायचं,
त्याची एक मजुरी बुडवायची.
हे त्यांना कसं सांगावं, तेही कळत नाही.

तपासणीला रेघांचा कागद लागतो. नळीमागं धरायचा.
रेघा दिसल्या तर ठीक,
गढुळात गेल्या तर पुढं पाठवायचं.
माझा कागद वाऱ्यानं कुठं गेला देव जाणे.
टेबलावर लोणारे सरांनी जप्त केलेला भाग चौथा होता.
तोच उघडला. पान एकशे बारा.

"तुझ्या शिरांमधून मला माझंच नाव ऐकू येतं."

पहिली नळी. ओळ दिसली.
दुसरी. दिसली, जरा गुलाबी.
अकराव्या नळीपर्यंत मला ती पाठ झाली.
सतराव्याला, कबूल करतो,
ती काय उत्तर देते बघायला
मी नळी थोडी खाली सरकवली.

एकोणिसाव्या नळीत ओळ गेली.
हलवून पाहिली. खिडकीशी नेली.
नाही.

नाव सांगत नाही, आमच्यात सांगायचं नसतं.
तिला व्हरांड्यात बोलावलं.
यवतमाळले अजून एक डाव पाहू, भेऊ नको, आईले घेऊन ये.
ती मानेवरचं नेलपॉलिश नखानं खरवडत होती.
मग हळूच:
"सर, माह्यं रक्त त्याले चालन का?"

अकरा वर्षांत लोकांनी लग्नाचं विचारलं,
खर्चाचं विचारलं, कुणाची नजर लागली ते विचारलं.

चालन, म्हटलं. पण पयले त्याचंच तपासा लागन.

ती हसली नाही.
"तुम्ही चवथा भाग नीट वाचलाच नाही," म्हणाली,
आणि माझ्या हातातून पुस्तक घेऊन गेली,
एकशे बाराव्या पानावर
माझ्या अंगठ्याचा ओला ठसा होता, तसाच.