खालची रेघ

दादांच्या कागदावर एवढंच होतं:
व्यास बाराशे, उंची दोन मी.
पुढे मोगलांचं नाव, पिंपळगावची बाग,
आणि ग्रीसचा अंगठा.

सातपूरच्या शेडमध्ये वेल्डिंगचा उजेड विझला
तेव्हा मी माझं यंत्र काढलं,
मेनरोडवर जुन्यात मिळालेलं, आलेख काढणारं,
ज्याची सातची कळ जोरात दाबावी लागते.
पाय, सहाशेचा वर्ग, गुणिले दोन.
बावीस लाख एकसष्ट हजार नऊशे सेहेचाळीस.
घनमीटर, असं मीच ठरवलं.
दादांनी चष्मा वर सरकवला.
"त्यांनी टाकी सांगितलीय.
धरण नाही."

यंत्राला आकडा कळतो,
आकड्याचं गाव आपण सांगायचं.
आधी खाली आडवी रेघ, मग एम.
रेघ विसरली
की त्याला वाटतं, हा एम कुणी अज्ञात,
किंमत मागाहून कळेल,
आणि ते त्याला उत्तराच्या शेपटाला सांभाळत बसतं,
लग्नात कुणाकडचा ते न विचारता
पाहुण्याला पंगतीत वाढत राहावं तसं.

दादांच्या 'मी.'चंही तेच.
तेलात टिंब पुसलं गेलं,
उरलं: उंची दोन मी.
आणि मी समोर उभी,
पाच फूट एक.

त्यांचं खरं माप सूत.
"कड दोन सूत जास्त ठेव,"
हे मी चालायला लागल्यापासून ऐकतेय.
यंत्राच्या यादीत प्रकाशवर्ष आहे,
सूत नाही.
मग मीच घातलं: रेघ, सूत, बरोबर
इंचाचा आठवा भाग.
दोन सूत, बाण, मिलिमीटर.
सहा पॉइंट तीन पाच.
दादांनी कॅलिपर आणून
कापलेल्या पट्टीला लावला, दोनदा.
बोलले काही नाहीत.
चहा सांगितला.

"गोदेचा पूर घाल की त्यात.
दुतोंड्या मारुतीचा गुडघा, कंबर, छाती."
म्हटलं, त्याला आधी मारुतीची उंची द्यावी लागेल.
"ती पाणीच मोजतं," दादा बशीत फुंकर घालत म्हणाले.

मग पुन्हा, सावकाश:
सहाशे, रेघ, एमएम. कंसाबाहेर वर्ग.
(वर्ग आत राहिला की काय होतं
ते त्या रात्री तासभर शिकले.)
दोन, रेघ, एम.
बाण. लिटर.
दोन हजार दोनशे बासष्ट,
जरासं कमी.

रविवारी टाकी बागेत उतरली.
मोगलांच्या वृषालीनं भरताना मोजलं,
पत्र्यावर खडूनं खुणा करत:
दोनशेची अकरा पिंपं,
विसाच्या तीन बादल्या.
फोनवर म्हणाली,
"अजून एक तांब्या मावेल बघा."

दादांनी कानावरची पेन्सिल काढली,
तोच कागद उलटा केला,
एक लिहिलं,
खाली आडवी रेघ ओढली, जपून, पट्टी लावून,
आणि पुढे
तांब्या.