प्रश्न क्रमांक चौदा

विडी घरकुलात, भर दुपारी, पत्र्याखाली
टॅब्लेट उघडून मी विचारलं,
रोज किती तास काम करता?
नरसव्वा गज्जम म्हणाली, तास गिरणीत असत्यात.
माझ्याकडं हजार असतंय. हजार विड्या.
हजाराला रकाना नव्हता.

संमतीसाठी अंगठा हवा होता.
पान कातरून, दोरा गुंडाळून
बोटांवरच्या रेघा कधीच गेलेल्या.
यंत्र तीनदा म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
ती हसली : तुझ्या डब्यालाबी मी दिसंना की.

हसता हसता खोकली. मग म्हणाली,
गेल्या साली एक चष्म्याची पोरगी आलती,
मला नळीत फुंकाया लावलं.
काय निघालं त्यात?

मला माहीत नव्हतं.
अहवाल पुण्यात असेल.

कूर्चो, म्हणाली, बस,
आणि सूप माझ्याकडं सरकवलं.

दिवेलागणीपर्यंत माझ्या अकरा विड्या झाल्या.
तोवर शेजारच्या लक्ष्मीबाई चिलका, पोशव्वा, तिची सून
माझी प्रश्नावली खोडत होत्या,
हात न थांबवता :
हे इचार, तंबाखूचं पोतं रात्री कुणाच्या उशाला असतंय.
हे इचार, छाट किती काढतोय चेकर.
आणि ते समाधानी हाय का, ते काढून टाक.

मी काढलं.
चौदाव्यात तास खोडून हजार लिहिलं.

निघताना नरसव्वानं माझ्या अकरा तपासल्या,
नऊ छाटात टाकल्या,
उरलेल्या दोन
काही न बोलता तिच्या हजारात धरल्या.