आठ इंच

आम्ही त्या यंत्राला माळ म्हणायचो.
लाकडी नळीतून वर चढणारी साखळी,
साखळीला वीत-वीत अंतरावर चामड्याच्या चकत्या,
दर चकतीवर ओंजळभर ल्वार नदी.
पाद्रीबाबा काठावरून हसायचे :
एवढा जप माझ्या मठातही कुणी करत नाही.

नदीच्या मधोमध एक खोली होती, छप्पर नसलेली.
ओकचे खुंट दोन रांगांत ठोकलेले,
रांगांच्या मधे अनवाणी तुडवलेली चिकणमाती.
बाहेर नदी आमच्या टोप्यांपेक्षा उंचावरून वाहायची
आणि आत आम्ही
तिच्या तळाशी बसून पाव खायचो.

पहिल्यांदा तळ उघडा पडला
तेव्हा शेवटच्या डबक्यात मासे एकमेकांवर चढले.
गावातल्या बायका टोपल्या घेऊन शिडीवरून उतरल्या.
एकीनं माझ्या हातातली ईल हिसकून नेली.
तिचं नाव पेरीन, हे मला नंतर कळलं.
गाळात सापडले होडीचे खिळे, एक नाल,
आणि तीन लाकडी जोडे, तिन्ही डाव्या पायाचे.
यावर आम्ही आठवडाभर भांडलो.

दोन तास फिरवायचं, दोन तास झोपायचं.
रात्र असो, रविवार असो, संत योहानाचा सण असो.
हात थांबले की ती आत यायची.
रागानं नाही,
घरचीच असल्यासारखी,
तळाच्या वाळूतून, खुंटांच्या फटींतून, न बोलता.

मातुरँ आमच्यात सगळ्यांत म्हातारा.
मातीच्या भिंतीला कान लावून सांगायचा, इथून येतेय.
तिथं शेण, शेवाळ, घमेलंभर माती कोंबली
की भिंत गप्प.
इंजिनिअरकडे पितळेचं उपकरण होतं, पॅरिसहून आणलेलं.
तोही आधी मातुरँच्या तोंडाकडे बघायचा.

नोव्हेंबरात मातुरँच्या छातीत पाणी झालं.
'इथं माळ उतरत नाही रे, गास्याँ,'
म्हणाला, हसला,
आणि मग बराच वेळ खोकत राहिला.

त्याला मातीला सगळ्यांनीच जायचं, असं आम्ही म्हणालो.
इंजिनिअर वाईट माणूस नव्हता.
त्यानं नदीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.
अर्धा तास, म्हणाला.
चोवीस जणांनी एकदम मुठी सोडल्या.
साखळी थांबल्यावर जे काही ऐकू आलं
ते आम्ही पाच महिन्यांत ऐकलं नव्हतं :
एक कुत्रं, दूर कुणीतरी लाकूड फोडतंय,
आणि खाली, पिंपात मूल लपावं तसं
पाणी.

परत आलो तर ते नडग्यांपर्यंत.
वहीत त्यानं लिहिलं :
मंगळवार. काम बंद अर्धा तास. चढ आठ इंच.
कारणाचा रकाना कोरा.

ते आठ इंच आम्ही अंधार पडेपर्यंत उपसत होतो.
ब्लेजचं आणि मातुरँचं कधीच पटलं नाही,
एका चाकूवरून, फार जुनी गोष्ट.
त्या दिवशी ब्लेजनं आपली पाळी संपल्यावर
दांडा सोडला नाही.
कुणी त्याला विचारलंही नाही.

वसंतात चौथ्या खांबाचा दगड पाण्याच्या वर आला.
मग बांध आम्हीच फोडला.
जिला इतके दिवस उंबऱ्याबाहेर उभं केलं
तिला कुदळींनी वाट करून दिली.
आमची चूल, आमची शिडी ठेवायची खाच,
मातुरँचा कान जिथं टेकायचा ती गुळगुळीत झालेली माती,
सगळं घटकाभरात गेलं.
बुडावं म्हणूनच केलेलं काम. त्याचे पैसे वेळेवर मिळाले.

आता पुलावरून गाड्या जातात, द्राक्षांच्या, मिठाच्या.
चौथ्या खांबावर मी थांबतो.
लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला दम लागला.
वाटू दे. थोडा लागतोही.

रात्री झोपेत माझे हात फिरतात म्हणे.
पांघरूण सगळं माझ्याकडे गुंडाळलं जातं,
पेरीन कुडकुडत उठते, मला हलवते :
झोप आता, उतरलं पाणी.
मी डोळे न उघडता विचारतो, किती राहिलं?

तिला आकडा माहीत आहे.
सांगत नाही.