दीडशे लक्स

दोह्यात, ऑगस्टमध्ये, रात्री साडेनऊला
दालन क्रमांक चार माझ्या ताब्यात येतं.
शिडी, हातमोजे, मीटर.
भिंतीवर एक तळं आहे, दोनशे वर्षांपूर्वीचं,
कुण्या दूरदेशीच्या चित्रकाराचं;
सही काठच्या चिखलात रुतलेली, वाचता येत नाही.
त्या तळ्यावर मी उजेड सोडतो,
पाटाचं पाणी सोडावं तसा, मोजून.
दीडशे लक्स. वर एकही नाही.
जास्त उजेडाने रंग मरतात, हळूहळू,
कुणाला न कळता.

तळ्यामागे डोंगर. डोंगर कसला,
डोंगर असल्याचा संशय.
धुकं असं, की चित्रकाराने
काढलंय कमी आणि सोडून दिलंय जास्त.
एक नाव. नावेत पाठमोरा माणूस,
ज्वारीच्या दाण्याएवढा.
आणि सगळ्यावर काकवीसारखं सांडलेलं सोनं.
पाटीवर लिहिलेलं: तळे, सायंकाळ.
तीन वर्षं मी त्या सायंकाळीला
पिवळसर दिवे लावत आलो.

मग मे महिन्यात लुर्डेस आली, मनिलाची,
कापसाचे बोळे आणि बुचाच्या बाटल्या घेऊन.
वरच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन
तिने पुसला
आणि बोळ्यावर संध्याकाळ उतरून आली,
तपकिरी, चिकट,
चहाच्या गाळणीला राहते तशी.
"व्हार्निश," ती म्हणाली, "जुनं झालं की पिवळं पडतं."
चौकोनात राखाडी-निळा गारठा होता.
उघडीनागडी सकाळ.

दोन महिने लागले.
रोज वीतभर सायंकाळ
ती कचऱ्याच्या पिशवीत भरत गेली.

शेवटच्या दिवशी सगळे बघायला जमले.
कुणी म्हणालं, आधीचंच बरं होतं.
कुलबहादुर, दालनाचा पहारेकरी, पोखऱ्याकडचा,
भिंतीशी उभा राहून म्हणाला,
"मला ठाऊक होतं."
काय ठाऊक होतं?
"धुकं पाण्यावर बसतं ते पहाटेच.
दुपारनंतर वारा उठतो, पाणी मोडतं.
आणि जाळं बघा ना, कोरडं आहे, घडी घातलेलं.
हा निघालाय. परतणारा माणूस
असा ताठ बसत नाही."
मग तीन वर्षं बोलला का नाहीस?
"मला इथं उभं राहायला ठेवलंय, साहेब.
सांगायला नाही."

मी शिडीवर होतो. बरं झालं,
माझं तोंड कुणाला दिसलं नाही.
मी साकोलीकडचा, धिवराचा पोर.
कार्तिकात बाबा उजाडायच्या आत
डोंगा लोटायचे, शिंगाडे तोडायला,
आणि काठापासून दहा हातांवर
पुसले जायचे.
आधी डोकं, मग पाठ, मग वल्हं.
खोकला तेवढा उरायचा,
त्याच्यावरून आई सांगायची
आता ते बाभळीपाशी पोचले,
आता पार मधोमध.
हे मला दिसायला हवं होतं.
मी मीटर बघत होतो.

आज दिवे बदलले. पिवळे काढले,
थंड, पांढरे बसवले.
आकडा तोच, दीडशे;
पण डोंगर चार पावलं मागे सरकला
आणि दाण्याएवढ्या माणसाने
खांदे आवळले, अशी मला शंका आली.
कुणीतरी खोकलं.
मी वळून पाहिलं. कुलबहादुर होता.
एसीची हवा त्याला सोसत नाही.
जुनी पाटी काढून टाकायची होती,
त्याने मागून घेतली,
सदऱ्याच्या खिशात ठेवली, बटण लावलं.
का, ते मी विचारलं नाही.

अकराला काम संपतं.
काचेचं दार उघडतं आणि बाहेरची दमट आग
माझ्या थंडगार चष्म्यावर येऊन बसते.
समुद्रकाठचे मनोरे जातात,
दिवे जातात, रस्ता जातो.
इतर लोक शर्टाच्या टोकाने पुसतात लगेच.
मी पुसत नाही हल्ली.
थोडा वेळ तसाच उभा राहतो पायरीवर,
आणि कंपनीची बस कुठे थांबलीय
ते हॉर्नवरून ओळखतो.