डावा खांदा

मला घेतलं ते वजनावर, हुशारीवर नाही.
छप्पन्न किलो, ओल्या कपड्यांसकट.
तोरिनोच्या कारखान्यात फोरमन पेलेग्रिनोनं
बटाट्याच्या पोत्यासारखं काट्यावर उभं केलं
आणि म्हणाला, चेलेस्तीनो, उद्यापासून तू गाडीत.

गाडीत म्हणजे अमेदेओ तेसारिनच्या डावीकडे,
अर्धं ढुंगण आत, अर्धं बाहेर,
एक हात त्याच्या पाठीमागून,
दुसरा पंपाच्या दांड्यावर.
टाकीत हवा भरत राहायची,
नाहीतर पेट्रोल पुढे सरकत नाही.
मागे बघायचं. काटे बघायचे.
टायरची साल निघाली तरी ओरडायचं नाही,
त्या गदारोळात ओरडून
कुणाच्या बापाला ऐकू जाणार होतं?
बोलायचं ते त्याच्या डाव्या खांद्याशी.

एक थाप : मागे कुणीतरी आहे.
दोन : अगदी जवळ आलाय, जाऊ दे त्याला.
तीन : तेलाचा दाब उतरतोय.
चौथी ठरलेलीच नव्हती.
लियाँजवळ, पावसात, त्या लांबलचक उतारावर
मी ती एकदा मारली.
कशाबद्दल, हे त्यानं कधी विचारलं नाही.

आणि तेल एरंडाचं.
लहानपणी आई नाक दाबून पाजायची तेच,
आता आठ सिलिंडरांत तापून
सहा-सहा तास थेट तोंडावर.
शर्यत संपली की त्यांना फुलांचे हार, शॅम्पेन,
आम्हा मेकॅनिकांची रांग संडासापुढे.
माझा समोरचा एक दात अजून फ्रान्समध्येच आहे,
पुढच्या गाडीनं उडवलेल्या खडीत कुठेतरी.

गाडी उलटली की पेपरात
चालकाचं नाव, वय, गाव, फोटो.
खाली बारीक अक्षरात : आणि त्याचा मेकॅनिक.
तसल्या तिघांना मी माती दिली.
त्यातल्या एकाचं नाव
मला तिथल्या दगडावर वाचून कळलं.
आम्ही त्याला नुसतं चिमणी म्हणायचो.

पंचवीस साली कागद आला.
मेकॅनिक गाडीत नको, जिवाला धोका.
(हे त्यांना तेव्हा कळलं.)
सीट मात्र दोन हव्यातच,
मापं नियमात लिहिलेली होती.
म्हणजे माझी जागा होती,
मी नव्हतो.
पेलेग्रिनोनं तिच्यावर पत्रा ठोकायला लावला,
वारा अडू नये म्हणून.
खिळे मीच ठोकले.

त्या पहिल्या शर्यतीत एकतिसाव्या फेरीला
अमेदेओ ढकलत ढकलत आला,
इंजिन आवळून बसलेलं, काळा धूर.
काटा समोरच होता की, मी म्हणालो.
काटा? तो म्हणाला,
मी काटा कधी बघितलाय?
आणि डावा खांदा चोळत राहिला,
थंडीत आखडल्यासारखा.

मग गाड्या अरुंद होत गेल्या,
एका माणसाच्या मापाच्या, शवपेटीसारख्या नेमक्या.
मग जर्मनांच्या आल्या, रुपेरी.
मग युद्ध, आणि त्यात
आमची ती गाडी कुणीतरी वितळवून टाकली.
हल्ली म्हणे इंजिनच पाठीमागे गेलंय,
म्हणजे आता मागे बघायला
आरसा सोडून कुणीच नाही.
मी आस्तीत शिलाई मशीन दुरुस्त करतो.
तेल बिनवासाचं. बायका पैसे वेळेवर देतात.

गुरुवारी अमेदेओ मला बाजाराला नेतो.
सासष्ट वर्षांचा, एका डोळ्यात मोतीबिंदू,
धोब्याकडून विकत घेतलेली जुनी फियाट.
माझ्या मांडीवर कांद्याची पिशवी.
परवा आल्बाच्या रस्त्यावर दुधाचा ट्रक
आमच्या बंपरला नाक लावून उभा, पों पों पों.
मी पिशवी गुडघ्यांत धरली,
हात त्याच्या पाठीमागून नेला
आणि दोन थापा मारल्या.

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.
टोपी नीट केली,
आणि गाडी सावकाश
रस्त्याच्या बरोब्बर मधोमध आणली.

दूधवाला थेट आल्बापर्यंत शिव्या घालत होता.